मोडलेली पांढरी काठी

दर वीस मिनिटांनी ठक् असा आवाज होत होता. वेस्टमिन्स्टर हॉलच्या दगडी फरशीवर काठी आपटल्याचा. आवाज झाला की राणी एलिझाबेथच्या शवपेटीभोवती मान खाली घालून उभे असलेले पहारेकरी बदलायचे, आणि ते बदलून होईपर्यंत लोकांची रांग जिथल्या तिथे थांबायची. मी दारातून आत येऊन पायऱ्या उतरायला लागले आणि नेमकी तेव्हाच काठी वाजली. इतरांना पेटीसमोर जेमतेम चार-पाच सेकंद मिळत होते. मला पायरीवर उभं राहून चांगली काही मिनिटं सगळं बघता आलं.

शुक्रवार, १६ सप्टेंबर २०२२. पहाटेचे दोन. नऊशे वर्षांहून जुनी ती इमारत, वर अंधारात हरवलेलं लाकडी छत, मधोमध उंच चौथरा. चौथऱ्यावर राजघराण्याच्या झेंड्यात गुंडाळलेली पेटी आणि तिच्यावर मुकुट. चार कोपऱ्यांना उंच मेणबत्त्या. जमिनीवर गालिचा अंथरलेला असल्याने पावलांचा आवाजसुद्धा नव्हता. एवढ्या माणसांत फक्त कुणीतरी नाक ओढल्याचं ऐकू येत होतं. पुढे गेलेली माणसं आपापल्या परीने निरोप घेत होती. कुणी छातीवर क्रूस काढला, कुणी गुडघ्यात किंचित वाकलं, छातीवर पदकं लावलेल्या एका म्हाताऱ्याने ताठ उभं राहून सॅल्यूट ठोकला. माझी पाळी आली तेव्हा मी हात जोडले. दुसरं काही मला येत नव्हतं.

बाहेर आल्यावर रात्रीच्या बसमधून साताऱ्याला भावाला फोन लावला. तिकडे सकाळचे सात वाजून गेले होते, तो चहा घेत होता. कुठून बोलतेय ते सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "ताई, आईच्या वेळी तुला येता आलं नाही, ते मी समजू शकतो. पण मग त्यांच्या राणीसाठी नऊ तास उभी राहिलीस? आजोबा पत्री सरकारात होते, विसरलीस का?"

मला दुखवायला तो बोलला नव्हता, त्याच्या आवाजावरून कळत होतं. पण मला उत्तर देता आलं नाही. बस वॉटर्लूच्या पुलावर आली होती, खाली नदीकाठाने ती रांग अजून चालतच होती. माझ्याकडे तेव्हा नव्हतं ते उत्तर आज लिहून काढते आहे.

एप्रिल २०२१ मध्ये मी लंडनच्या घरात एका खोलीत बंद होते. करोना पॉझिटिव्ह. दाराबाहेर ताट ठेवलं जायचं, मी दार उघडून ते आत घ्यायचे. १७ एप्रिलला लॅपटॉपवर प्रिन्स फिलिप यांची अंत्ययात्रा लागली होती. विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपलमध्ये नियमाप्रमाणे फक्त ३० माणसं. लाकडी बाकाच्या कोपऱ्यात काळ्या कपड्यांत, तोंडाला काळा मास्क लावून राणी एकटी बसलेली. शेजारी कुणी नाही. ७३ वर्षांच्या संसाराचा शेवट, आणि हात धरायला माणूस नाही. मला रडू आलं. राणीसाठी आलं असं म्हणणार नाही. आई तेव्हा साताऱ्यात ऑक्सिजनवर होती.

चार दिवसांनी, बुधवारी, आई गेली. भावाने माहुलीच्या स्मशानातून एक व्हिडिओ पाठवला. लांबून काढलेला, ४० सेकंदांचा. किट घातलेली चार माणसं, त्यांतलं कोण आपलं आणि कोण नगरपालिकेचं काही ओळखू येत नव्हतं. एक मोठं पांढरं गाठोडं. धूर. मग त्याने फोन खाली केला असावा, कारण शेवटी नुसती माती दिसते. दहावाही त्याने एकट्यानेच केला. मी विचारलं, "कावळा शिवला का रे?" तो म्हणाला, "लगेच." ते खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, हे मी कधी विचारलं नाही.

त्यामुळे दीड वर्षानंतर राणी गेली तेव्हा माझ्या आत एक दुखवटा आधीच अर्धवट पडलेला होता.

८ सप्टेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास राजवाड्याने सांगितलं की डॉक्टरांना राणीच्या प्रकृतीची काळजी वाटते. इथल्या जुन्या माणसांना तेवढ्यावरूनच कळलं. संध्याकाळी साडेसहाला बातमी आली. स्कॉटलंडमधल्या बाल्मोरलच्या वाड्यात दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी प्राण गेला होता, असं नंतर मृत्यूच्या दाखल्यावर छापून आलं. कारण म्हणून एकच शब्द होता, वृद्धापकाळ. वय ९६. बातमी मोबाईलवर येऊन पडलेली असतानाही बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकावर दोन सेवकांनी चौकटीत बसवलेला कागद आणून अडकवला. पावसात उभी असलेली माणसं तो दोन ओळींचा कागद वाचायला पुढे सरकत होती. आमच्याकडे चौकातल्या फळ्यावर खडूने 'दुःखद निधन' लिहितात, त्याची मला आठवण झाली. घरोघर माहीत झालेलं असतं, तरी माणूस फळ्यासमोर थांबून एकदा वाचतोच.

दुसऱ्या दिवशी हाइड पार्कमध्ये ९६ तोफा झाल्या. वर्षाला एक. देशाचा दुखवटा अंत्ययात्रेच्या दिवसापर्यंत आणि राजघराण्याचा त्यानंतर आणखी सात दिवस, असं जाहीर झालं. घरच्यांना जास्त, बाहेरच्यांना कमी. आपल्याकडे भाऊबंदांना दहा दिवसांचं सुतक आणि लांबच्यांना तीन, तसंच. आणि राजाला कामापुरतं सुतक नाही असं आपलं धर्मशास्त्र सांगतं, तेही इथे बघायला मिळालं. नव्या राजाच्या घोषणेसाठी १० तारखेला अर्ध्यावर आलेले झेंडे पुन्हा वर चढवले आणि दुसऱ्या दिवशी परत खाली घेतले. राजघराण्याचा स्वतःचा झेंडा तर कधीच अर्ध्यावर येत नाही, कारण गादी क्षणभरसुद्धा रिकामी नसते.

ही गोष्ट ऐकायला कोरडी वाटते, पण एलिझाबेथ स्वतः त्यातून गेली होती. ६ फेब्रुवारी १९५२ ला वडील गेले तेव्हा ती केनियात होती, २५ वर्षांची. घरापासून हजारो मैलांवर ती राणी झाली आणि तिच्या सामानात काळा पोशाख नव्हता. विमान लंडनला उतरल्यावर काळे कपडे आत नेऊन दिले, ते घालून ती शिडीवरून खाली आली. त्यानंतर राजघराण्यातली माणसं परदेशी निघाली की सामानात एक काळा जोड असतोच. मी हे वाचलं तेव्हा कपाट उघडून उभी राहिले होते. परदेशात राहणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या मनात तो काळा जोड घडी घालून ठेवलेला असतो. रात्री दोनला भारतातला नंबर दिसला की हात थरथरतात, ते त्याच्यामुळे.

आणि मधमाश्या. राजवाड्याच्या बागेत मधमाश्यांची पोळी आहेत. तिथल्या वयस्कर मधपाळाने प्रत्येक पेटीला काळी फीत बांधली, पेटीवर हलकेच टकटक केलं आणि माश्यांना सांगितलं की तुमची मालकीण गेली, पण जाऊ नका, नवा मालक तुमची काळजी घेईल. इंग्लंडच्या खेड्यांतली ही जुनी रीत. माश्यांना घरातला मृत्यू सांगितला नाही तर त्या पेटी सोडून जातात किंवा मध द्यायच्या थांबतात, अशी समजूत. या सगळ्या दहा-अकरा दिवसांत मला सर्वांत जवळचं वाटलं ते हे. आजी गेली तेव्हा गोठ्यात जाऊन गाईच्या पाठीवरून हात फिरवत आई काहीतरी पुटपुटत होती. काय, ते ऐकू आलं नव्हतं. आता वाटतं, तीही सांगतच असणार.

राणीच्या अंत्ययात्रेची योजना अनेक वर्षं आधी तयार होती. 'लंडन ब्रिज' हे तिचं सांकेतिक नाव. स्कॉटलंडमध्ये मृत्यू झाला तर काय करायचं, त्याची वेगळी योजना होती, तिचं नाव 'युनिकॉर्न'. शवपेटीसुद्धा तीसेक वर्षांपूर्वीच करून ठेवलेली, ओकच्या लाकडाची, आतून शिशाचं अस्तर. त्या शिशाच्या वजनामुळे खांद्याला आठ सैनिक लागले. पण ११ तारखेला पेटी बाल्मोरलहून एडिंबरोला निघाली तेव्हा जे दिसलं ते कुणी आखलं नव्हतं. गाडी हळूहळू सहा तास चालली. वाटेत शेतकऱ्यांनी आपापले ट्रॅक्टर बांधाला आणून रस्त्याकडे तोंड करून ओळीने उभे केले होते. कुणी घोड्यावर बसून थांबलेलं. गाडी आली की टोप्या उतरायच्या. मला आमच्या गावाकडची माणसं आठवली. सायकलवरून जाताना प्रेतयात्रा दिसली की खाली उतरून, चपला काढून, कडेला थांबणारी. कोण गेलं हे विचारतसुद्धा नाहीत.

रांगेत मी गुरुवारी संध्याकाळी पाचला लागले. बर्मंडसीच्या अलीकडे मनगटावर नंबर घातलेली कागदी पट्टी बांधली. ती असली की पाणी प्यायला, शौचाला बाहेर जाऊन परत आपल्या जागी येता येत होतं. टॉवर ब्रिज गेला, लंडन ब्रिज गेला, रांग चालतच होती. थांबणं कमी, चालणं जास्त. माझ्या पुढे वेल्समधून आलेली एक सत्तरीची बाई होती. तिच्या आईने १९५३ चा राज्याभिषेक शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिलेला. आई सहा महिन्यांपूर्वी वारली होती. "ती असती तर तीच आली असती, म्हणून मी आले," म्हणाली. मागे एक नायजेरियन नर्स, ड्यूटी संपवून तशीच आलेली. माझ्याकडे शंकरपाळ्यांचा डबा होता. हॉलमध्ये खाण्याचं काही नेता येत नव्हतं, म्हणून लँबेथचा पूल यायच्या आत आम्ही तिघींनी तो संपवला. वेल्सवाल्या बाईने शेवटची शंकरपाळी रुमालात बांधून खिशात ठेवली.

रात्री अकराच्या सुमारास रांग सेंट थॉमस हॉस्पिटलच्या कडेने जाऊ लागली. उजव्या हाताला नदी, पलीकडे पार्लमेंटचे दिवे. डाव्या हाताला एक लांबच लांब भिंत आणि तिच्यावर लाल बदाम. हजारो. ब्रिटनमध्ये करोनाने गेलेल्या प्रत्येक माणसासाठी एक बदाम काढायचा, असं म्हणून मार्च २०२१ मध्ये लोकांनी ही भिंत रंगवायला घेतली. अर्धा किलोमीटर लांब. सुरुवातीला काढलेले बदाम उन्हापावसाने फिके गुलाबी पडले, तर स्वयंसेवक दर आठवड्याला येऊन त्यांवर पुन्हा रंग देतात. कित्येक बदामांत नावं आणि तारखा लिहिलेल्या. 'मम'. 'ग्रँडॅड'. 'नाना'. मी या शहरात असूनही त्या भिंतीकडे कधी गेले नव्हते. तिच्यावर आईचा बदाम नाही हे मला माहीत होतं. ती इथे गेली नव्हती, तिची मोजणी दुसऱ्या देशात झाली होती, झाली असेल तर.

बोलणारी रांग त्या भिंतीपाशी आपोआप गप्प झाली. नर्सने एका बदामावर बोट टेकवलं आणि तसंच भिंतीवरून ओढत ती चालत राहिली. मीही तेच केलं. भिंत संपेपर्यंत आम्ही दोघी तशाच चाललो. बोटाला लाल रंग लागला होता का, हे मी दिव्याखाली जाऊन पाहिलं. नव्हता लागला.

राणीसाठी त्या साडेचार दिवसांत जवळजवळ अडीच लाख माणसं अशी चालत आली. एका वेळी रांग दहा मैलांवर गेली, थांबण्याचा वेळ २४ तासांवर. ती सगळी राणीसाठीच आली होती असं मला वाटत नाही. माझ्या आजूबाजूच्या वीस माणसांपैकी निम्म्यांनी बोलता बोलता आपलं एखादं गेलेलं माणूस काढलं. करोनाच्या दोन वर्षांत हजारो घरांत दारं लावून माणसं गेली, दहा-वीस जणांत उरकली. त्या सगळ्यांना पहिल्यांदाच सर्वांसोबत उभं राहायला जागा मिळाली होती.

दुखवटा म्हटला की इथे व्हिक्टोरिया राणीचं नाव निघणारच. १४ डिसेंबर १८६१ ला नवरा, अल्बर्ट, गेल्यावर तिने काळा रंग अंगावर घेतला तो जवळजवळ ४० वर्षं उतरवला नाही. तिच्या मागून देशाने काळ्या कडेची पत्रं लिहिली, व्हिटबीच्या काळ्या दगडाचे दागिने घातले, विधवेने किती महिने कोणतं कापड वापरायचं याची कोष्टकं पाळली. पण स्वतःच्या अंत्ययात्रेबद्दल तिने लिहून ठेवलं होतं की काळं नको. २२ जानेवारी १९०१ ला ती गेली, तेव्हा तिला पांढरा पोशाख आणि लग्नातला चेहऱ्यावरचा जाळीदार पडदा घातला. लंडनच्या रस्त्यांवर जांभळी आणि पांढरी कापडं लागली. पेटीत तिने सांगितल्याप्रमाणे डॉक्टरांनी अल्बर्टचा घरात घालायचा झगा आणि त्याच्या हाताचा प्लास्टरचा साचा ठेवला. डाव्या हातात तिच्या स्कॉटिश सेवकाचा, जॉन ब्राऊनचा, फोटो आणि त्याचे केस ठेवले आणि घरच्यांना दिसू नयेत म्हणून वरून फुलं ठेवली. पेटी बंद करण्याआधी शेवटचं दर्शन घ्यायला नव्या राजाने आग्ऱ्याच्या अब्दुल करीमला, तिच्या मुन्शीला, एकट्याला आत सोडलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या घरी जाऊन तिची त्याला लिहिलेली पत्रं जाळली गेली. एकाच माणसाला आधी मान दिला आणि मग त्याची आठवण जाळली. मला हे वाचताना अजूनही राग येतो.

याच व्हिक्टोरियाच्या राज्याच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, २२ जून १८९७ ला, पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. प्लेगमध्ये घराघरांत शिरून माणसांना फरफटत नेलं होतं, त्याचा तो संताप होता. साथीत आपलं माणूस कसं नेलं जातं, ही गोष्ट आपण तेव्हापासून विसरलेलो नाही.

व्हिक्टोरियाच्या अंत्ययात्रेत एक गोष्ट अचानक घडली आणि तीच पुढे रीत झाली. २ फेब्रुवारी १९०१, विंडसर स्टेशन. कडाक्याची थंडी. तोफगाड्याला जुंपलेले घोडे उभं राहून राहून अस्वस्थ झाले आणि पेटी ठेवून गाडा हलायच्या वेळी जोताची साधनं तुटली. बॅटनबर्गच्या प्रिन्स लुईसने सुचवलं की खलाशांना ओढू द्या. मिळतील ते दोर घेऊन खलाशांनी गाडा वाड्यापर्यंत ओढत नेला. तेव्हापासून राजाराणीचा तो तोफगाडा खलाशीच ओढतात. २०२२ च्या आधी तो गाडा शेवटचा बाहेर काढला होता १९७९ मध्ये, लॉर्ड माउंटबॅटन यांच्यासाठी. भारताचे शेवटचे व्हाइसरॉय, आणि त्याच प्रिन्स लुईसचा मुलगा. एलिझाबेथच्या वेळी १४२ खलाशी होते. काही पुढे ओढायला, काही मागे गाडा आवरायला. एका पावलात चालताना त्यांच्या पांढऱ्या टोप्या एकाच वेळी डावीकडे कलत आणि उजवीकडे कलत.

भावाने फोनवर कोहिनूरचंही विचारलं होतं. पेटीवर जो मुकुट होता त्यात कोहिनूर नाही. तो राणीच्या आईच्या मुकुटात आहे, आणि २००२ मध्ये याच हॉलमध्ये तिच्या पेटीवर तो मुकुट ठेवला होता. १८४९ मध्ये दुलीपसिंग या दहा वर्षांच्या मुलाकडून लाहोरच्या तहात तो हिरा घेतला गेला. तो परत मिळावा असं मला मनापासून वाटतं. आणि आजोबांनी ज्या राज्याविरुद्ध रात्री-अपरात्री डोंगरातून निरोप पोचवले, त्या राज्याबद्दल माझ्या मनात काही मऊ झालेलं नाही. पण आजोबाच सांगायचे की दुसऱ्या बाजूच्या माणसाची प्रेतयात्रा गावातून गेली तरी ते कडेला उभे राहायचे. भांडण जिवंत माणसाशी, हे त्यांचं म्हणणं.

१९ सप्टेंबरला, सोमवारी, मी घरीच बसून सगळं पाहिलं. वेस्टमिन्स्टर ॲबीची घंटा मिनिटाला एक अशी ९६ वेळा वाजली. आत दोन हजार माणसं, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मूही होत्या. पेटीवरच्या फुलांत मर्टलची एक डहाळी होती. राणीच्या लग्नातल्या गुच्छातली डहाळी तेव्हा लावून ठेवली होती, त्या रोपाची ही. शेवटी राणीच्या पाइपरने बॅगपाइपवर एक विलाप वाजवला आणि वाजवता वाजवता तो पाठ फिरवून चालू लागला. सूर लांब लांब जात बारीक झाले आणि थांबले.

दुपारी चारला विंडसर. रस्त्याच्या कडेला राणीचं काळं तट्टू उभं केलेलं. वाड्याच्या आवारात तिची दोन कॉर्गी कुत्री सेवकांच्या हातात पट्ट्याने धरलेली. चॅपलमध्ये पेटीवरून मुकुट, राजचिन्ह असलेला सोन्याचा गोळा आणि राजदंड एक एक करून उचलले आणि वेदीवर नेऊन ठेवले. पेटीवर आता झेंडा आणि फुलं एवढंच. मग राणीच्या घरचा सर्वांत वरचा अधिकारी, लॉर्ड चेंबरलेन, पुढे आला. त्याच्या हातात पांढरी बारीक काठी होती. ती त्याच्या पदाची खूण. त्याने ती दोन्ही हातांनी मधोमध मोडली आणि दोन तुकडे पेटीवर ठेवले. चाकरी संपली. त्यानंतर पेटी हळूहळू खाली, फरशीच्या आत जाऊ लागली.

भारतात तेव्हा रात्रीचे साडेनऊ होत आले होते. फोन वाजला. भाऊ.

"ताई, काठी मोडली ते बघितलंस?"

तोही बघत होता.

"बघितलं."

"मडकं फोडतात तसं वाटलं."

मी हं म्हटलं. बराच वेळ तो बोलला नाही. मागे टीव्हीवरचं ऑर्गन ऐकू येत होतं, त्याच्याकडे आणि माझ्याकडे अर्ध्या सेकंदाच्या फरकाने.

"आईच्या वेळी मडकं फोडायचं राहिलं," तो म्हणाला. "त्यांनी पुढे येऊच दिलं नाही. घाई होती, मागं बारा गाड्या होत्या. मी मडकं हातात घेऊन उभा होतो, ते तसंच घरी घेऊन आलो. तुला सांगितलं नाही."

दीड वर्ष मला वाटत होतं की शेवट फक्त माझाच चुकला, तो तिथे होता म्हणजे त्याला तो मिळाला. खांद्यावर घट भरून तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीला दगडाने एक भोक, पाण्याची धार, मग मागे न बघता ते टाकून द्यायचं. हातून सुटून फुटलेल्या मातीचा तो आवाज. तो झाला की माणसं वळून घरी निघतात. माझ्या भावाच्या कानावर तो पडलेला नव्हता. म्हणूनच माझ्या नऊ तासांचा त्याला राग आला होता.

डिसेंबरात मी साताऱ्याला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं माहुलीला निघालो. कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात तो संगम. विश्वेश्वराच्या देवळाचे दगड दवाने ओले होते. हा सगळा काठच राजघराण्याच्या समाध्यांचा. थोरल्या शाहू महाराजांची समाधी इथे. ते १५ डिसेंबर १७४९ ला गेले आणि त्यांच्या राणी सकवारबाई इथेच सती गेल्या. रीत म्हणून काय काय करायला लावतात माणसांना, याची मला तिथे नेहमी शिसारी येते, आणि ती यायलाच हवी. सगळ्या रिती जपण्यासारख्या नसतात. याच काठाला महाराणी येसूबाईंची समाधी, याच काठाला ताराराणींची. ताराराणी पंचविशीत विधवा झाल्या, चितेकडे न जाता घोड्यावर बसल्या, सात वर्षं औरंगजेबाशी लढल्या आणि १७६१ च्या डिसेंबरात, ऐंशीच्या पुढे वय झाल्यावर गेल्या. लहानपणी आई आम्हाला इथे आणायची तेव्हा त्यांची गोष्ट सांगायची, पाय पाण्यात सोडून, शेंगा फोडत.

नदीला पाणी कमी होतं. भाऊ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दगडांवरून पुढे गेला, एकदा थांबून मागे देवळाकडे बघून अंदाज घेतला, मग आणखी चार पावलं डावीकडे सरकला. अस्थी त्याने एकट्याने सोडल्या होत्या, मास्क लावून, पहाटे, कुणी नसताना.

"इथं," तो म्हणाला आणि पाण्याकडे बोट केलं.

मी चपला काढल्या आणि खाली उतरले.